अमेरिकेचं गायरान : सरकारी जमिनीवर चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो, तो कसा?

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर एक प्रस्ताव आला. पश्चिमेकडच्या अकरा राज्यांतली साधारण २२ ते ३३ लाख एकर सरकारी जमीन विकून टाकायची आणि तिथे घरं बांधू द्यायची. प्रस्ताव युटा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांचा. विरोध होणार हे ठरलेलंच होतं, पण तो कुठून कुठून आला ते बघण्यासारखं होतं. पर्यावरणवाले होतेच. त्यांच्या जोडीला शिकारी, गळ टाकून मासे धरणारे, चाकांवरचं घर घेऊन हिंडणारे आणि ली यांच्याच पक्षाचे माँटाना-आयडाहोचे सिनेटर, म्हणजे एरवी एका पंगतीला न बसणारी मंडळी, एकत्र आली. महिना संपायच्या आत प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

त्या दिवसांत घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी फिरली तेव्हा प्रश्न एकच होता. सरकारी जमिनीवर कोणीही गाडी नेऊन उभी करतं, तिथेच राहतं, एक पैसा भरत नाही, आणि त्याला कोणी हटकत नाही? भारतातून बघणाऱ्याला हे खोटंच वाटतं. अमेरिकेत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या आपल्या बऱ्याच लोकांनाही याचा पत्ता नसतो, कारण त्यांचा प्रवास विमानतळ, हॉटेल आणि नॅशनल पार्क या वाटेनेच होतो.

दोन शब्द आधी सांगून टाकतो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर : आत पलंग, शेगडी, फ्रिज, छोटं न्हाणीघर आणि पाण्याच्या टाक्या. ते स्वतःच्या इंजिनावर चालतं किंवा पिकअपच्या मागे ओढलं जातं. ही आरव्ही वीज, नळ, गटार यांपैकी काहीही नसलेल्या मोकळ्या जागी नेऊन राहणं म्हणजे बूनडॉकिंग. सरकारी कागदांवर यालाच डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. त्यात तंबूवालेही येतात.

## ही जमीन आली कुठून?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची जमीन सुमारे ६४ कोटी एकर आहे, देशाच्या पाव भागापेक्षा जास्त. पण ती सगळीकडे सारखी पसरलेली नाही. नेवाडा राज्याचा जवळपास ८० टक्के भाग केंद्राचा आहे, युटाचा ६० टक्क्यांहून अधिक. आणि पूर्वेकडे कनेटिकट किंवा मध्यावरच्या आयोवामध्ये ती नावालाच सापडते. म्हणून न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला हे माहीत नसतं आणि फिनिक्समधल्याला शनिवारी सकाळी निघून दुपारपर्यंत तिथे पोचता येतं.

यातला इतिहास साधा आहे, आणि फारसा सुंदर नाही. ही जमीन मुळात आदिवासी जमातींची. तह, युद्ध आणि सरळसरळ फसवणूक अशा सगळ्या मार्गांनी ती सरकारकडे आली. मग १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारने ती वाटायला काढली : १६० एकर घ्या, पाच वर्षं कसा, घर बांधा, तुमची झाली. जिथे पाऊस-पाणी होतं ती जमीन भराभर गेली. उरली ती कोरडी, खडकाळ, उंचावरची, जिथे १६० एकरांत एक कुटुंब जगूच शकत नव्हतं. त्यातली जंगलं वेगळी काढून १९०५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिस स्थापन झाली. बाकीच्या माळावर ज्याची जनावरं जास्त त्याने चारावी असा कारभार चालला आणि माळ ओरबाडला गेला. शेवटी १९३४ मध्ये चराईवर परवाने आणि शुल्क आलं, आणि १९४६ मध्ये दोन जुनी खाती एकत्र करून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, तयार झालं. आज बीएलएमकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे आणि फॉरेस्ट सर्व्हिसकडे १९.३ कोटी. अख्खा महाराष्ट्र साधारण ७.६ कोटी एकर, तेव्हा एकट्या बीएलएमची जमीन तीन महाराष्ट्रांहून मोठी.

आपल्याकडचं गायरान डोळ्यांसमोर आणलंत तर बीएलएम चटकन समजेल. मालकी सरकारची, वापर सगळ्यांचा. तिथे ढोरं चारता येतात, वाटसरू टेकतो, पण कोणी घर बांधलं तर ते अतिक्रमण. कोणी घेतली नाही, नांगराखाली आली नाही, म्हणून शिल्लक राहिलेली जमीन, ही दोन्हीकडची कुळकथाही मिळतीजुळती आहे.

खरा फरक पडला १९७६ मध्ये. त्या वर्षीच्या फेडरल लँड पॉलिसी अँड मॅनेजमेंट कायद्याने ठरवलं, की इथून पुढे ही जमीन वाटायची नाही, केंद्राकडेच ठेवायची, आणि तिचा वापर अनेक कामांसाठी करायचा. चराई, खाणी, तेल-वायू, वन्यजीव आणि मनोरंजन, सगळं एकाच जमिनीवर. बूनडॉकिंग उभं आहे ते या ‘मनोरंजन’ नावाच्या खुंटीवर. २०२५ चा प्रस्ताव लोकांना का झोंबला तेही इथेच कळतं. पन्नास वर्षांपूर्वी मिटलेला प्रश्न पुन्हा उकरला जात होता.

## सरकारी म्हणजे सगळीच मोकळी नव्हे

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी ही नॅशनल पार्कं. तीही केंद्राचीच, पण त्यांचं खातं वेगळं, आणि तिथे गाडी कुठेही लावून झोपता येत नाही. आखून दिलेल्या कॅम्पग्राउंडचं आरक्षण लागतं. नॅशनल फॉरेस्ट मात्र फॉरेस्ट सर्व्हिसचं, तिथे चालतं. पार्क आणि फॉरेस्ट कित्येकदा एकमेकांना चिकटून असतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्याबाहेर पार्कची हद्द संपली की कायबाब नॅशनल फॉरेस्ट सुरू होतं. आतल्या कॅम्पग्राउंडवर जागा मिळाली नाही की जाणती मंडळी मागे फिरून त्या पाईनच्या झाडीत शिरतात.

ॲरिझोनामध्ये स्टेट ट्रस्ट लँड नावाचा आणखी एक प्रकार आहे. नावात स्टेट असलं तरी ती सार्वजनिक जमीन धरली जात नाही. तिच्या उत्पन्नावर शाळा चालतात, आणि तिथे राहायला राज्याचा परवाना काढावा लागतो. नावाहोसारख्या जमातींच्या भूमीवर त्यांची परवानगी लागते, आणि ती मागितलीच पाहिजे. लष्कराचे सराव-पट्टे तर वेगळे सांगायला नकोत. त्यातून एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एक सोडून एक चौरस मैल अशा जमिनी दिल्या गेल्या, त्यामुळे काही भागांचा नकाशा अजून बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो : एक घर सरकारचं, शेजारचं कोणाच्या तरी रँचचं, म्हणजे गुरं पाळायच्या खासगी वाडीचं. कुंपण असेलच असं नाही.

## चौदा दिवस कशासाठी?

या सगळ्या व्यवस्थेचा कणा एका नियमात आहे. बीएलएमच्या बहुतेक जमिनीवर २८ दिवसांच्या काळात एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. मग उठायचं आणि बऱ्याच ठिकाणी किमान २५ मैल लांब जायचं. फॉरेस्ट सर्व्हिसमध्येही १४ दिवसच साधारण चालतात; काही जंगलांत १६, गर्दीच्या काही ठिकाणी त्याहून बरेच कमी. नक्की आकडा स्थानिक कार्यालय ठरवतं.

लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो या व्यवस्थेतला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. भाडं नाही, कुंपण नाही, पहारेकरी नाही, अशा जमिनीवर पहिला आलेला माणूस काय करेल? उत्तम जागा पकडेल, सावलीसाठी छप्पर घालेल, मग कोंबड्या पाळेल. वर्षभराने तो म्हणेल, मी इथलाच. मुदत नसती तर फुकट मुक्काम दोन हंगामांत संपला असता, कारण सगळ्या चांगल्या जागा अडलेल्या असत्या. मुक्काम करण्याचा हक्क सगळ्यांना आणि वसण्याचा कोणालाच नाही, म्हणून नव्याने येणाऱ्याला जागा मिळते.

मोजतं कोण, असा प्रश्न पडतोच. एका रेंजरकडे प्रचंड मोठा इलाखा असतो, त्यामुळे दररोज कोणी येत नाही. पण येतात, गाडीचा नंबर टिपतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी तीच गाडी तिथेच दिसली की चिठ्ठी लागते, पुढे दंड. शेजारी मुक्काम केलेले लोकही नजर ठेवून असतात. वाळवंटात करमणुकीची साधनं कमी!

## फुकट का? आणि फुकट म्हणजे नक्की काय?

सरकार उदार आहे म्हणून पैसे घेत नाही, हा गैरसमज. २००४ च्या एका केंद्रीय कायद्याने या खात्यांना शुल्क कुठे घेता येईल आणि कुठे नाही हे बांधून दिलं. जिथे सरकारने काही बांधलेलं नाही, किमान सोयीही दिलेल्या नाहीत, तिथे मुक्कामाचे पैसे घेता येत नाहीत. टेबल, संडास, कचराकुंडी, पाणी अशा सोयी झाल्या की शुल्क येऊ शकतं. तेव्हा ‘इथे काहीच नाही’ ही तक्रार करण्यात अर्थ नाही. काही नाही म्हणूनच पैसे नाहीत.

ज्यांना हे तरीही खटकतं त्यांच्यासाठी एक गंमत. याच जमिनीवर चरणाऱ्या गायीवासराच्या जोडीमागे रँचवाला सरकारला महिन्याला जे देतो, तो दर २०१९ ते २०२५ अशी सलग वर्षं १.३५ डॉलर या किमान पातळीवरच होता. खासगी कुरणाचा दर याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे या माळावर स्वस्तात राहणारे आरव्हीवाले एकटे नाहीत.

आता जे फुकट नाही ते. खासगी आरव्ही पार्कमध्ये रात्रीचे ४० ते ८० डॉलर मोजले की गाडीला वीज, नळ आणि गटाराची जोडणी मिळते. माळावर या तिन्ही गोष्टी तुम्ही सोबत नेता, आणि किती दिवस राहणार हे नियमाच्या आधी तुमची टाकी ठरवते.

मध्यम आकाराच्या गाडीत साधारण १५० लिटर स्वच्छ पाणी मावतं. नवराबायको दोघं रोज पंधरा-पंधरा लिटर वापरत असतील तर पाच दिवस. अमेरिकेत शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहणाऱ्याचं हे गणित पहिल्याच सकाळी कोसळतं. अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची सवय असलेल्या, मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला इथे काही शिकवावं लागत नाही. आमच्या शेजारी एकदा मिनेसोटाहून आलेलं निवृत्त जोडपं होतं. त्या आजी ताट आधी कागदाने कोरडं पुसत, मग फवाऱ्याच्या बाटलीतून साबणाचं पाणी मारत, पुन्हा पुसत, आणि शेवटी दुसऱ्या बाटलीतून साध्या पाण्याचे चार फवारे. दोन माणसांची भांडी एका पेल्याभर पाण्यात. कागद शेकोटीत.

वापरलेलं पाणी दोन टाक्यांत जमतं. मोरी-न्हाणीचं पाणी ते ग्रे, संडासाचं ते ब्लॅक. ब्लॅक जमिनीवर सोडणं हा गुन्हा आहे. ग्रेबाबत नियम जागेगणिक बदलतात, तेव्हा तेही टाकीतच ठेवावं हे बरं. टाक्या भरल्या की डम्प स्टेशन गाठायचं. महामार्गावरच्या काही पेट्रोल पंपांवर दहा-वीस डॉलरमध्ये ही सोय असते. हे काम कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. रबरी हातमोजे चढवायचे. तीन इंची जाड नळीचं एक टोक गाडीला, दुसरं जमिनीतल्या भोकात पक्कं बसवायचं, वाटल्यास वर दगड ठेवायचा. मग आधी ब्लॅकचा दांडा ओढायचा, ती पूर्ण रिकामी झाली की ग्रेचा. क्रम उलटा करायचा नाही, कारण साबणाचं पाणी मागून आलं की नळी आपोआप धुतली जाते. ब्लॅक टाकी अर्धीमुर्धी असताना सोडू नये; पाण्याचा जोर नसला की पातळ निघून जातं आणि घट्ट तळाशी थर धरून बसतं. आणि शेजारी जो नळ असतो त्यावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असेल तर ती खरी समजा, लोक तिथे नळ्या धुतात.

विजेचं त्या मानाने सोपं झालंय. छपरावर दोन-चार सौर पॅनेल आणि लिथियम बॅटरी असली की दिवे, पंखा, फोन, लॅपटॉप, पाण्याचा पंप सहज चालतात. एसी मात्र त्यावर फार वेळ चालत नाही. म्हणून अनुभवी लोक एसीच्या मागे लागत नाहीत, गाडीच हलवतात. हिवाळ्यात समुद्रसपाटीपासून नऊशे फुटांच्या आत असलेल्या वाळवंटात, उन्हाळ्यात सात हजार फुटांवर फ्लॅगस्टाफच्या पाईनच्या जंगलात.

## क्वार्ट्झसाइट

हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं तर पश्चिम ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट बघावं. कॅलिफोर्नियाच्या हद्दीपासून थोडं अलीकडे, आय-१० महामार्गावर. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. जुलैत पारा ४३-४५ अंशांवर असतो तेव्हा रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. जानेवारीत तिथे आरव्हींचं शहर वसतं. मिनेसोटा, मिशिगन, कॅनडा अशा बर्फाळ प्रदेशांतले निवृत्त लोक ऑक्टोबरपासून उतरू लागतात. गावाभोवतीच्या बीएलएमच्या माळावर पांढरे ठिपके पसरत जातात; दगड-रत्नांचे बाजार भरतात, मोठ्या तंबूत आरव्हीचं प्रदर्शन लागतं.

गावाच्या आसपास १४ दिवसांचे फुकट पट्टे आहेत. शिवाय बीएलएमने १९८३ पासून इथे वेगळी सोय काढली. ज्यांना सबंध हिवाळा एका जागी काढायचाय त्यांच्यासाठी लाँग टर्म व्हिजिटर एरिया. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा असा ११ हजार एकरांहून मोठा पट्टा आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम आणि अख्ख्या हंगामाचे १८० डॉलर, हा दर कित्येक वर्षं टिकला. त्यात पाणी भरायला मिळतं, टाक्या रिकाम्या करता येतात, कचरा टाकता येतो. सात महिन्यांचे १८० डॉलर म्हणजे दिवसाचा एक डॉलरही नाही! चौदा दिवसांचा नियम वाकवायचा तर तो उघडपणे, ठरलेल्या जागी आणि पावती देऊन वाकवावा, ही मला यातली डोकेबाज गोष्ट वाटते.

जाता जाता : गावच्या स्मशानात दगडी पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर सीरियाकडचा हाजी अली नावाचा उंटवाला आला. इथल्या लोकांनी त्याचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. तो १९०२ मध्ये इथेच वारला. या माळावर मुक्काम करून राहिलेल्या परक्या माणसांत तो बराच जुना.

## जागा शोधायची कशी?

मोबाइलवर आयओव्हरलँडर, कॅम्पेंडियम अशी ॲप्स आहेत, त्यांवर आधी राहून गेलेले लोक माहिती टाकतात. ती वाचावी, पण विश्वास नकाशावर ठेवावा. नॅशनल फॉरेस्टसाठी मोटर व्हेइकल यूज मॅप नावाचा सरकारी नकाशा फुकट मिळतो. दिसायला अगदी रूक्ष, काळापांढरा. त्यात काही रस्त्यांच्या कडेने बारीक ठिपक्यांची रांग असते. ठिपके असतील त्याच रस्त्यालगत गाडी घालून मुक्काम करायचा, तोही रस्त्यापासून ठराविक अंतराच्या आत, कुठे दीडशे फूट, कुठे तीनशे. प्रत्यक्ष जागेवर कच्च्या रस्त्याच्या फाट्याला तपकिरी रंगाची पातळ खूणपट्टी उभी असते, तिच्यावरचा आकडा नकाशाशी जुळवून पाहायचा.

आधी कोणीतरी राहिलेल्या जागीच राहावं. तिथली जमीन घट्ट झालेली असते, दगडांचं शेकोटीचं कडं असतं. नवी जागा पाडली की तिथे पुन्हा काही उगवायला वाळवंटात वर्षानुवर्षं जातात. पाण्याच्या काठापासून दोनशे फूट लांब राहावं, कारण त्या भागात गुरं-हरणं पाण्यावर येतात ती तिथेच.

आणि कोरड्या ओढ्यात गाडी लावू नये, कितीही सपाट आणि सुंदर वाटला तरी. ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर हा अधिकृत मान्सूनचा काळ. पाऊस वीस मैलांवर डोंगरात पडतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं, आणि ओढा भरून येतो. अडथळे लावून बंद केलेल्या पुराच्या रस्त्यात गाडी घालून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो. या कायद्याला तिथले लोक ‘मूर्ख वाहनचालक कायदा’ म्हणतात.

## सुरक्षित आहे का?

घरून येणारा पहिला प्रश्न हा. शहरातल्या पार्किंगपेक्षा तिथे चोरीमारीची भीती मला कमी वाटते. पण धोके वेगळ्या जातीचे आहेत. फोनला रेंज नसते, मदत यायला तास लागतात. नव्या आयफोनमधून उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवता येतो, तो कसा हे निघायच्या आधी शिकून घ्यावं. गाडी वाळूत रुतते. टायरमधली हवा कमी केली तर बऱ्याचदा सुटते, पण परत भरायला पंप हवा. पहाटे गोळीबाराचे आवाज आले तर घाबरू नका, यातल्या बहुतेक जमिनींवर नेमबाजीचा सराव आणि हंगामात शिकार दोन्ही कायदेशीर आहेत. शिकारीच्या दिवसांत भडक नारिंगी काहीतरी अंगात असावं.

आगीची गोष्ट गंभीर आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पश्चिमेकडच्या जंगलांत शेकोटीवर बंदी येते, कधी संपूर्ण जंगलच बंद होतं. कॅलिफोर्नियात गॅसच्या शेगडीलाही परवाना लागतो. फुकट असतो, ऑनलाइन मिळतो, पण लागतो.

## आम्ही इथले नागरिक नाही, चालेल का?

चालेल. नागरिकत्वाची अट नाही. एच-वन-बीवाले, ग्रीन कार्डवाले, भेटीला आलेले आई-बाबा, कोणीही. पण दक्षिण ॲरिझोना-कॅलिफोर्नियात देशाच्या आत, महामार्गांवर बॉर्डर पेट्रोलचे नाके आहेत. यूमाकडून क्वार्ट्झसाइटला जाणाऱ्या यूएस-९५ वरही आहे. तिथे कागद विचारले जाऊ शकतात. अमेरिकन नागरिक नसलेल्या प्रौढाने ते जवळ बाळगायचे असतात, हा कायदाच आहे. आई-बाबांचे पासपोर्ट फिनिक्सच्या घरी कपाटात ठेवून निघू नका.

भाड्याची आरव्ही घेणार असाल तर करार बारकाईने वाचा. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात, आणि बूनडॉकिंगची जवळजवळ प्रत्येक जागा कच्च्या रस्त्याच्याच टोकाला असते. तिथे काही मोडलं तर विमा हात वर करतो. आधी फोनवर विचारा, उत्तर लेखी घ्या.

## ज्यांना दुसरं घरच नाही त्यांचं काय?

सगळ्यात अवघड आक्षेप हाच आहे. हिवाळ्यापुरते येणारे निवृत्त आणि कायमचे गाडीत राहणारे बेघर माळावर शेजारी शेजारी असतात, आणि लांबून दोघांच्या गाड्या सारख्याच दिसतात. घरभाडी वाढली तसे कामावर जाणारे लोकही ट्रेलरमध्ये राहू लागले. जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहरांना उघड्यावर झोपणाऱ्यांवर दंड लावायची मुभा दिली. शहरातून हुसकलेला माणूस जाणार कुठे? जवळच्या जंगलात.

ओरेगॉनमधलं बेंड शहर घ्या. त्याला लागून असलेल्या डेश्युट्स नॅशनल फॉरेस्टमध्ये चायना हॅट रोडच्या कडेने लोक वर्षानुवर्षं ट्रेलरमध्ये राहत होते. मे २०२५ मध्ये वणव्याचा धोका कमी करायला झाडं विरळ करायची म्हणून फॉरेस्ट सर्व्हिसने तो सुमारे २५ हजार एकरांचा पट्टा बंद केला आणि सगळ्यांना निघायला सांगितलं. नियमाने खात्याचं बरोबर होतं; जंगलात परवानगीशिवाय वास्तव्य करता येत नाहीच. पण मी वर ज्या चौदा दिवसांच्या नियमाचं कौतुक केलं, तो घर असलेल्या माणसाला सुट्टी देतो आणि नसलेल्याला दर पंधरवड्याला उठवतो. जंगल खात्याकडे याचं उत्तर नाही, आणि ते त्याच्याकडून अपेक्षित ठेवणंही बरोबर नाही. घरांचा प्रश्न शहरात आहे.

ली यांचा जमीन विकायचा प्रस्ताव घरांच्याच नावाने आला होता. त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. लास व्हेगाससारखी शहरं चहूबाजूंनी बीएलएमच्या जमिनीने वेढलेली आहेत. पण तिथे शहरालगतचे तुकडे कायद्याने विकले जातातच, आणि बाकीची बहुतेक जमीन अशा जागी आहे की तिथे ना पाणी, ना रोजगार. तिथे परवडणारी घरं उठतील यावर विश्वास ठेवणं मला जड जातं.

## आता हळूहळू काय बदलतंय?

गर्दी वाढली, त्यात कोविडनंतर फारच. घाणही वाढली. त्यामुळे ‘कुठेही राहा’ या जागी ‘इथेच राहा’ असं होत चाललंय. युटातल्या मोआबभोवती बऱ्याच भागांत आखलेल्या जागीच मुक्काम करता येतो, आणि पोर्टेबल टॉयलेट जवळ असणं सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियातल्या अलाबामा हिल्समध्ये माउंट व्हिटनीसमोर खडकांत कुठेही गाडी घालायचे, तिथेही आता जागा ठरलेल्या आणि परवाना लागतो, जरी फुकट असला तरी. जुनी मंडळी कुरकुरतात. त्या खडकांमागे टॉयलेट पेपरची बोंडं पाहिलेला माणूस कुरकुरणार नाही.

महाराष्ट्रात असं होईल का, हेही विचारलं जातं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण त्याचा रोख सोयी असलेल्या कॅराव्हॅन पार्कवर आहे, म्हणजे अमेरिकेतल्या खासगी आरव्ही पार्कच्या जातीचा. आपल्या राखीव जंगलांत १९२७ च्या वन कायद्याखाली परवानगीशिवाय शिरताही येत नाही. आणि नुसतं पडून असलेलं गायरान आपल्याकडे उरलंय किती, त्यावर गावची किती कुटुंबं अवलंबून आहेत, हे पाहता तिथे गाड्या उभ्या करा असं मी तरी म्हणणार नाही.

अमेरिकेत असाल आणि जायचं ठरवलंत, तर ज्या भागात जाणार तिथलं बीएलएमचं फील्ड ऑफिस किंवा फॉरेस्टचं रेंजर स्टेशन शोधून एक फोन करा. तीन गोष्टी विचारा : तो रस्ता सध्या उघडा आहे का आणि तुमच्या लांबीची गाडी तिथे वळते का, शेकोटीवर बंदी आहे का, आणि पाणी भरायची व टाकी रिकामी करायची सगळ्यात जवळची जागा कुठली. मुदतीचा आकडाही तेव्हाच पक्का करून घ्या. फोन शुक्रवारी दुपारच्या आत करा. यातली बहुतेक कार्यालयं शनिवार-रविवारी बंद असतात.